चहा काळा, साडी पिवळी

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीच्या पुढे एका खेड्यात, आतेबहिणीकडे मुक्कामाला होतो. दुसऱ्या दिवशीच्या वंदनेसाठी ताईने पेटीतून पांढरी साडी काढली, दारातल्या उजेडात धरली आणि ती तशीच उभी राहिली. पदरावर आणि निऱ्यांवर जागोजाग पिवळट-तांबूस डाग होते. साडी धुऊन, नीळ देऊन, घडी घालून ठेवलेली. "डागाले ब्लिचिंग पावडर लावली होती, त अजून पक्के झाले," ती म्हणाली.

थोड्या वेळाने चहा आला. दुधाचाच चहा, पण रंग राखाडी-काळपट, दुधात शाईचा थेंब पडावा तसा. आम्ही कपाकडे पाहतो आहोत हे तिच्या लक्षात आले. "बोरिंगचं पानी हाय ना. आमी पित नाही ते. प्यायचं पानी नाल्याजवळच्या विहिरीचं आनतो, काचेसारखं साफ हाय. आज तुमी अचानक आले, विहिरीवर जायले वेळच नाही भेटला."

बोलता बोलता कळले की घरातल्या धाकट्या नातवाला मागच्या पावसाळ्यात दोनदा जुलाब लागले होते आणि एकदा तर सलाईन लावावी लागली. त्याचा संबंध कोणी पाण्याशी जोडला नव्हता. पाणी तर काचेसारखे होते!

आमच्या मते सगळा घोळ इथेच आहे. लाल पाणी डोळ्याला दिसते, म्हणून आपण त्याला घाबरतो. जंतू दिसत नाहीत, म्हणून नाल्याकाठच्या उघड्या विहिरीवर विश्वास ठेवतो. पाण्यातले लोह कपडे खराब करते, चहा-भात खराब करते, भांड्याला कडे धरते. पण पिणाऱ्याला त्याने जुलाब किंवा कावीळ होत नाही. जुलाब आणि कावीळ होते मैला मिसळलेल्या पाण्याने, मग ते कितीही नितळ असो. वस्तीतला तो हातपंप आला तेव्हा पाण्यासाठी गावच्या विहिरीवर जाऊन कोणाचे तोंड पाहण्याची गरज उरली नाही, असे ताईचे सासरे अभिमानाने सांगत. तोच पंप लाल पाण्यापायी भांडी घासण्यापुरता उरला होता आणि सुना पुन्हा गुंड घेऊन नाल्याकडे निघाल्या होत्या.

लोह येते कुठून?

लोह काही बाहेरून कोणी टाकत नाही. आपल्या खडकांत, मातीत, जांभ्यात लोह असतेच. माती तांबडी दिसते ती त्यामुळेच. त्यासाठी जवळपास सूरजागड किंवा रेडीसारखी लोहखनिजाची खाण असावी लागते असेही नाही. जमिनीत खोलवर, जिथे हवा पोचत नाही, तिथे हे लोह पाण्यात साखरेसारखे विरघळते. विरघळलेल्या लोहाला रंग नसतो. म्हणून पंपातून आलेले पाणी आधी अगदी स्वच्छ दिसते. मग त्याला हवा लागते. हवेतला प्राणवायू त्या लोहाला गंजवतो, गंज पाण्यात विरघळून राहू शकत नाही, आणि तासा-दोन तासांत पाणी पिवळे, मग गढूळ, आणि सकाळी भांड्याच्या तळाशी तांबडा गाळ. "काढलं तेव्हा साफ होतं, रात्रीतून कोणी काय टाकलं?" असा प्रश्न पडतो तो यामुळे.

पण हे झाले जमिनीतले लोह. दुसरा मार्ग पाइपचा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. आपल्याकडे गावोगाव दिसणारा हातपंप हा इंडिया मार्क २ जातीचा. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकात तो घडला, म्हणजे महाराष्ट्राचाच नातेवाईक म्हणायचा. पंप दणकट आहे, यात वाद नाही. पण त्याचे जमिनीत उतरलेले पाइप आणि आतल्या सळया लोखंडाच्या, वरून जस्ताचा मुलामा. पाणी थोडे आम्लधर्मी असेल, म्हणजे तपासणीच्या अहवालात पीएच ६.५ पेक्षा कमी असेल, तर ते हळूहळू जस्त खाते आणि मग लोखंडाला लागते. रात्रभर पंप उभा असतो, पाणी पाइपात मुरते, आणि सकाळचा पहिला हंडा लालभडक निघतो. दोष जमिनीला दिला जातो, गुन्हेगार असतो पाइप.

शहरातल्या चाळींत आणि झोपडपट्टीत तर बहुतेक वेळा पाइपच. नळ तासभर येतो, बाकी वेळ पाइप रिकामा आणि ओला. लोखंड गंजायला याहून सोयीचे काय?

फरक कसा ओळखायचा

यासाठी यंत्र लागत नाही, काचेचे चार ग्लास किंवा पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्या लागतात. ताईकडे आम्ही हेच केले.

पहाटे कोणी पंपाला हात लावण्याआधी पहिल्या चार-सहा दांड्यांचे पाणी एका बाटलीत भरले आणि तिला चिठ्ठी चिकटवली. मग बायका नेहमीप्रमाणे पाणी भरू लागल्या. तासभर पंप सतत चालल्यावर दुसरी बाटली भरली. दोन्ही झाकण न लावता ओट्यावर ठेवल्या, संध्याकाळपर्यंत कोणी हलवायचे नाही अशी मुलांना ताकीद. दोन्ही बाटल्यांत सारखाच गाळ बसला तर लोह जमिनीतले. पहाटेची बाटली लाल आणि दुसरी जवळजवळ स्वच्छ राहिली तर लोह पंपाच्या पाइपचे. तो पाइप बदलला की काम झाले. ताईच्या पंपाचा निकाल मधलाच आला. पहाटेच्या बाटलीत करंगळीच्या नखाएवढा थर, दुसरीत कमी, पण होताच. म्हणजे थोडे जमिनीचे आणि बरेचसे पाइपचे.

नळाच्या पाण्याचे गणित वेगळे. पाणी नळातून बाहेर पडतानाच लाल असेल आणि थोड्या वेळाने स्वच्छ होत असेल तर तो पाइपातला किंवा टाकीतला गंज आहे. अशा वेळी रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचा एक ग्लास आणि आपल्या खोलीतल्या नळाचा एक ग्लास शेजारी ठेवून पाहावा. रस्त्यावरचे स्वच्छ आणि घरचे लाल, तर चाळीचा पाइप किंवा गच्चीवरची टाकी तपासा. दोन्ही लाल असतील तर पालिकेकडे जा.

चहाची परीक्षाही खरी आहे. चहात, हिरड्यात, पेरूच्या पानांत तुरटपणा देणारे जे द्रव्य असते, ते लोहाला भेटले की काळे होते. जुन्या काळी हिरडा आणि लोह यांचीच शाई करीत. कोरा चहा गार करून त्यात संशयित पाणी घाला. काळे-जांभळे पडले तर लोह आहे. पेरूचे पान पाण्यात चुरगळूनही हे दिसते. मात्र यातून लोह आहे एवढेच कळते, किती आहे ते कळत नाही. आणि साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, ही तक्रार लोहाची नाही, ती जड पाण्याची. दोन्ही एकाच पंपात असू शकतात, पण उपाय वेगळे.

आणखी एक प्रकार आहे, तो पाहून लोक फार घाबरतात. पंपाच्या तोंडाशी किंवा टाकीत तांबडा, शेवाळासारखा बुळबुळीत लगदा धरतो, कुजकट वास येतो, डबक्यावर रॉकेल सांडल्यासारखी रंगीत साय दिसते. हे लोहावर वाढणारे जिवाणू. साय काडीने मोडून पाहा. तिचे तुकडे तुकडे झाले तर ती लोहाची साय; तेल असेल तर मोडून पुन्हा एकत्र येते. हे जिवाणू रोग करणारे म्हणून ओळखले जात नाहीत, पण पाइप तुंबवतात आणि पाणी प्यावेसे वाटत नाही. अशा बोअरमध्ये टीसीएल पावडरचे द्रावण सोडून ते रात्रभर ठेवावे लागते आणि नंतर भरपूर उपसावे लागते. हे घरी करायचे काम नव्हे, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगावे.

चाळीतल्या लाल पाण्याकडे मात्र दुर्लक्ष नको

वर आम्ही म्हटले की लोहाने जुलाब होत नाहीत. ते जमिनीतल्या लोहाबाबत निर्धास्तपणे म्हणता येते. गंजलेल्या नळाबाबत तसे म्हणून गप्प बसता येणार नाही. गंज म्हणजे पाइप पातळ झाला, आणि पातळ झालेल्या पाइपला भोके पडतात. आपल्या वस्त्यांत पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याची गटार कित्येकदा एकाच चरातून जातात. पाणी चालू असते तोवर ते भोकातून बाहेर गळते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होताना बाहेरचे घाण पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात गंजाबरोबर गटारही येते. म्हणून नेहमी स्वच्छ येणारे पाणी अचानक लाल किंवा वासाचे येऊ लागले, आणि त्याच आठवड्यात चाळीत दोघा-तिघांना जुलाब किंवा कावीळ झाली, तर तो योगायोग समजू नये. पहिले पाच-दहा मिनिटांचे पाणी मोरीत सोडावे किंवा धुण्याला वापरावे, पिण्याचे उकळावे, आणि त्याच दिवशी पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार तिथल्या पंख्याच्या वाऱ्याने उडून जाते, हा आमचा अनुभव आहे.

काय करून उपयोग नाही

तुरटी. लोक पहिल्यांदा तुरटी फिरवतात. गढूळ पाण्यातला आधीच तयार झालेला गाळ तुरटीने खाली बसतो हे खरे, पण विरघळलेले लोह तिच्या हाती लागत नाही. उलट तुरटीने पाणी थोडे आम्लधर्मी होते आणि लोह गंजायला आणखी वेळ लागतो.

नुसते उकळणे. उकळल्याने जंतू मरतात, पण लोह वाफ होऊन जात नाही. पातेल्याच्या तळाशी बसते आणि ओतताना पुन्हा वर येते. उकळून, गार करून, हलके नितळून घेतले तर थोडा फायदा.

आणि आता दारावर येणारा तो टाय लावलेला तरुण. त्याच्या पिशवीत एक लहानसे यंत्र असते, त्याला सळयांच्या जोड्या लोंबत असतात. एका ग्लासात तुमच्या घरचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशिनचे. सळया दोन्ही ग्लासांत सोडून तो बटन दाबतो. दोन मिनिटांत तुमचे पाणी हिरवे-काळे-तांबडे, वर फेसाळ चिखल. त्याचे पाणी जसेच्या तसे. घरातली बाई गर्भगळित होते: "हे आम्ही इतकी वर्षे पीत होतो?" नाही, ताई. तो चिखल सळईचा आहे. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंडी सळई पाण्यात झिजते. त्याच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, म्हणून वीज वाहत नाही आणि सळईला काही होत नाही. पुढच्या वेळी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटन दाबायला सांगा. त्याचेही पाणी गढुळेल. मग चहा पाजून त्याला वाटेला लावा, तोही कुणाच्या पोटापाण्यासाठीच फिरतो आहे.

आरओ मशिन वाईट असते असे नाही. क्षार किंवा फ्लोराइड जास्त असलेल्या ठिकाणी ते लागते. पण लोहाचे पाणी सरळ त्यात सोडले तर आतली बारीक जाळी गंजाने चोंदते आणि वर्षाच्या आत बदलावी लागते. आधी लोह काढावेच लागते. आणि जे काढायला हवा आणि वाळू पुरते, त्याच्यासाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही.

हवा, वेळ आणि वाळू

लोह काढण्याचे सगळे शास्त्र या तीन शब्दांत आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, हातपंपालाच जोडता येईल असे लोह काढण्याचे संयंत्र तयार केले, त्यातही हेच तत्त्व: पाणी उडवा, गाळ बसू द्या, गाळून घ्या. वस्तीच्या पंपाला असे संयंत्र मिळाले तर उत्तमच, मात्र ते धुण्याची पाळी कोणाची हे आधी ठरवावे. न धुतल्याने पडून राहिलेली संयंत्रे कमी नाहीत. तोवर घरी दोन माठांत काम भागते.

एका जुन्या डब्याच्या तळाला खिळ्याने बारीक भोके पाडा. डबा हातभर उंचीवर टांगा किंवा धरा आणि त्यातून पाणी झारीसारखे खालच्या रुंद तोंडाच्या भांड्यात पडू द्या. थेंब जितके बारीक तितकी हवा जास्त. डबा नसेल तर दोन बादल्यांत वरून खाली, वरून खाली, वीस-पंचवीस वेळा ओता. हे काम मुलांना आवडते. मग भांड्यावर कापड बांधून ते स्वस्थ ठेवा. पाणी साधारण असेल तर दोन-तीन तासांत गाळ धरतो, आम्लधर्मी असेल तर रात्रभर लागते. म्हणून संध्याकाळी पाणी उडवायचे आणि सकाळी गाळायचे ही सवय बरी.

गाळणीचा माठ असा. तळाला बारीक भोक, त्यात सुती कापडाची वात. आत खाली तीन बोटे गिट्टीचे खडे, त्यावर दोन बोटे बारीक खडी, त्यावर वीतभर नदीची स्वच्छ धुतलेली वाळू. वाळू इतकी धुवायची की धुवण पांढरे निघावे. वर एक चपटा दगड किंवा बशी, म्हणजे ओतताना वाळूत खड्डा पडत नाही. हा माठ तिवईवर, खाली झाकणाचा दुसरा माठ. रात्रभर ठेवलेले पाणी तळ न ढवळता वरच्या माठात ओतायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांचे पाणी झाडांना घाला.

पाणी थेंबथेंब येते म्हणून ताईची सून वैतागली होती. पण वेगाने येत असेल तर वाळू जाड आहे असे समजावे. आठवड्याने वरची अंगठाभर वाळू लाल होते. तेवढीच खरवडून, धुऊन परत घालायची. सगळी वाळू एकदम उकरून धुऊ नये. वाळूच्या कणांवर बसलेला तांबडा लेपच पुढचे लोह ओढून धरतो, त्यामुळे थोडी जुनी झालेली वाळू नव्यापेक्षा चांगले काम करते. माठांची तोंडे कापडाने घट्ट बांधावीत, नाहीतर लोह जाऊन डास यायचे.

गाळणी काम करते की नाही हे पाहायला पुन्हा तीच बाटली. गाळलेले पाणी रात्रभर उघडे ठेवा. सकाळी गाळ नसेल आणि चहा काळा पडत नसेल तर झाले.

गाळलेले पाणी लोहाचे नाही, पण जंतूंची खात्री वाळू देत नाही. म्हणून पिण्याचे पाणी गाळल्यावर उकळावे किंवा मेडिक्लोर टाकावे, बाटलीवर लिहिले असेल तेवढेच, आणि अर्धा तास थांबावे. क्रम महत्त्वाचा आहे. क्लोरीन आधी लोहाशी भिडते: १ मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकते. लाल पाण्यात आधीच थेंब टाकले तर ते लोहातच संपतात आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. घरचे म्हणतात, औषध टाकूनही मूल आजारी पडले.

कपड्यांचे काय?

ताईची साडी ब्लिचिंगने का बिघडली, ते आता लक्षात आले असेल. ब्लिचिंग लोहाला आणखी पक्के गंजवते. धुण्याचा सोडा आणि गरम पाणीही तेच करतात. लोहाचा डाग आंबटाने जातो. डागावर लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे, वाळू लागले की पुन्हा रस. किंवा बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूफूल विरघळवून कपडा तासभर बुडवावा, मग भरपूर चांगल्या पाण्यात खळबळावा. जुने डाग एका वेळेस जात नाहीत, तीन-चार वेळा करावे लागते. रेशमी आणि रंगीत कपड्याच्या आधी एक कोपरा भिजवून पाहावा. मोरीतल्या लाल पट्ट्यांनाही लिंबूफूल चालते. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: ब्लिचिंग पावडर आणि कोणतेही ॲसिड एकत्र. त्यातून निघणारा वायू बंद मोरीत जिवावर बेततो.

पांढरे कपडे शक्य तर पावसाचे साठवलेले किंवा वाळूतून गाळलेले पाणी घेऊन शेवटी खळबळावेत. वापरून झालेले धुण्याचे पाणी लाल असले तरी चालते, शेवटचे खळबळणे चांगल्या पाण्याचे हवे.

"लोहाचे पाणी रक्त वाढवते ना?"

हा प्रश्न हमखास येतो. साधा हिशेब करू. लिटरला २ मिलिग्रॅम लोह असलेले पाणी एखाद्या बाईने दिवसाला दोन लिटर प्यायले तर ४ मिलिग्रॅम लोह पोटात गेले, आणि तेही पाणी ताजे असेल तर. गाळ होऊन बसलेले लोह शरीर फारसे घेत नाही. गरोदर बाईला आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेव्हा "आमच्या पाण्यातच लोह आहे" म्हणून गोळी फेकून देणे हा घाट्याचा सौदा आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहा कपात लोहाला जसे काळे करून बांधतो, तसेच पोटातही बांधतो.

पण विदर्भातल्या आपल्या घरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या समाजात सिकलसेल आहे, आणि थॅलेसेमियाची मुलेही आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साठत जाते आणि काळीज, यकृत यांना त्रास देते. अशा रुग्णाचा चेहरा फिका दिसतो म्हणून शेजारणीची लोहाची गोळी किंवा दुकानातले टॉनिक त्याला देऊ नये. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. घरचे पाणी लाल आहे हेही डॉक्टरांना सांगावे आणि त्या मुलाला गाळलेलेच पाणी द्यावे.

तपासणी

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लोहाची मर्यादा आधी लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम होती, २०१५च्या दुरुस्तीने ती १ मिलिग्रॅम झाली. कपड्यांना डाग मात्र ०.३ च्या पुढेच पडू लागतात. म्हणजे अहवालात पाणी "योग्य" आणि साडी तरीही पिवळी, असे होऊ शकते. त्यात प्रयोगशाळेची चूक नाही.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले. आपल्या गावात त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे. त्यांच्यात आपल्या वस्तीतली कोणी नसेल तर का नाही, हेही विचारावे. अधिक खात्रीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्यावी, कारण घरच्या बाटलीत लोह वाटेतच गंजून काचेला चिकटते आणि अहवालात कमी दिसते. प्रयोगशाळेच्या बाटलीत त्यासाठी ॲसिड घातलेले असते. ते सांडू नये, बाटली विसळू नये.

आणि नमुना देताना फक्त लोहाचे नाव लिहू नये. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत कित्येक गावांत फ्लोराइड आहे. त्याला रंग नाही, चव नाही, चहा काळा पडत नाही. ते मुलांच्या दातांवर आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत दिसते, तोवर उशीर झालेला असतो. वाळूच्या माठाने ते जातही नाही. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू, तिन्ही तपासायला सांगावे.

ताईकडे आता दोन माठ तिवईवर आहेत. नाल्याकडची फेरी बंद झाली, पण सासूबाईंना विहिरीच्याच पाण्याची चव लागते. त्यांच्यासाठी एक कळशी येते आणि ती उकळली जाते, यावर घरात तडजोड झाली. नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. पंपाचे खालचे पाइप काढून पाहावेत आणि लोखंडी पाइपऐवजी गंज न धरणारे घालावेत, असा वस्तीतल्या एकवीस बायकांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. तिथल्या माणसाने "ठेवा, बघू" म्हटले. ताईने अर्ज टेबलावर ठेवला नाही. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय ती उठली नाही, आणि ती पोच आता पेटीत, साडीच्या घडीखाली आहे.